सकाळी पाच फूट पाच

शंकर भरतीत दुसऱ्यांदा नापास झाला होता, आणि त्याच्या आईचं ठाम मत होतं की यात दोष सरकारच्या पट्टीचा आहे. पोलिसाला पाच फूट पाच इंच उंची लागायची. शंकर दोन सूत कमी भरला. सूत हे सुताराचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढाही फरक नाही, आणि तेवढ्यासाठी पोराला परत पाठवलं.

मी तेव्हा वडगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. महायुद्ध सुरू व्हायला अजून अवकाश होता. शंकर, त्याचे वडील आबा आणि आई सगुणाबाई, तिघं पवन मावळातल्या आपल्या गावाहून चालत आले होते. तक्रार उंचीची नव्हती, मानेची होती. एका मामाने डोकं धरलं, दुसऱ्याने पाय धरले, आणि दोघांनी मिळून भाच्याला ओढलं. उंची होती तेवढीच राहिली, मान मात्र आखडली. त्याआधी आंब्याच्या फांदीला लोंबकळून झालं होतं. मी मामांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि मानेला शेक द्यायला सांगितलं.

पण सगुणाबाई उठेना. पुढच्या भरतीनंतर शंकरचं वय उलटणार होतं. तळेगावच्या एका गृहस्थाची मुलगी त्याला सांगून आलेली होती. पोराच्या अंगावर खाकी चढली तर मुलगी, नाही तर रामराम, असं गृहस्थाने तोंडावर सांगितलं होतं. "आन् ह्याला तीच पायजे," आई म्हणाली. शंकरने आखडलेल्या मानेनेच खिडकीकडे बघायचा प्रयत्न केला. मला त्या पोराची खरोखर दया आली.

मग मी त्यांना पाठीचा कणा समजावून सांगितला. मला ही खोड आहेच. कुणी ताप आला म्हणून आलं तरी मी त्याला रक्ताभिसरण सांगतो. म्हटलं, कणा म्हणजे एक हाड नव्हे. लहान मुलाला तेहतीस मणके असतात. वय वाढेल तसे खालचे पाच जुळून कमरेमागे एकच हाड होतं, आणि शेपटाकडचे चार जुळून माकडहाड. म्हणजे मोठ्या माणसाकडे उरतात सव्वीस. पोर जन्मतं तेव्हा त्याची पाठ नुसती कमान असते. मान धरायला लागलं की मानेला बाक येतो, चालायला लागलं की कमरेला. आणि विशी उलटली की हाडांची टोकं पक्की होतात, मग वाढ बंद.

सगुणाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. "जुळल्याली हाडं परत सुटी करता येत न्हाईत व्हय?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग एवढं सांगितलंत कशाला.

खरं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि त्या भरात मी कामाचं तेवढं बोललो. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. तिला आम्ही डिस्क म्हणतो. ती पाण्याने फुगलेली असते. दिवसभर माणूस उभा असला की वरच्या ओझ्याने गाद्या दबतात, रात्री आडवा झाला की पुन्हा फुगतात. त्यामुळे प्रत्येक माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. फरक अर्धा इंच, कधी त्याहूनही जास्त. दोन्ही वेळा शंकर पहाटेपासून चालत आला होता, दिवसभर रांगेत उभा होता आणि उन्हं कलल्यावर मोजला गेला होता.

"म्हंजी सकाळी उठल्याबरुबर मोजला तर?" आबांनी विचारलं.

"तर भरेल. पण उठल्यावर पहिल्या तासातच त्या वाढीतली निम्मी जाते. तुमच्या गावाहून इथं येईपर्यंत काय राहणार?"

आबा विचारात पडले. मी पुढच्या पेशंटला हाक मारली आणि विषय विसरून गेलो.

भरतीच्या दिवशी सकाळी मी कचेरीत हजर होतो. पुण्याहून सिव्हिल सर्जन कर्नलसाहेब यायचे होते. त्यांच्या हाताखाली मापं लिहायचं काम माझ्याकडे. एवढ्यात बाजाराच्या अंगाने माणसांचा लोंढा आला. पुढे चौघांच्या खांद्यावर बाज, बाजेवर घोंगडी पांघरून माणूस, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई. आमच्याकडे डोंगरातला आजारी माणूस दवाखान्यात बाजेवरूनच यायचा, म्हणून मी पुढे धावलो. घोंगडी बाजूला केली तर शंकर. टक्क जागा, गालातल्या गालात हसतोय.

"रातीपास्नं उठू दिला न्हाई," आबा अभिमानाने म्हणाले. "निजल्याला तसाच आणलाय."

वाटेत काय झालं ते मला नंतर आबांकडूनच कळलं. बाजेवर झाकलेला माणूस आणि मागे बाई बघून लोकांना वाटलं, मयत आहे. मयताला खांदा देणं हे पुण्याचं काम. जो तो टोपी सारखी करून पुढे यायचा, थोडा वेळ खांदा द्यायचा आणि हात जोडून निघून जायचा. दोन्ही मामा त्यामुळे रिकाम्या हाताने मजेत चालत आले. बाजारपेठेत शंकर शिंकला. खांदा दिलेला एक दुकानदार बाज सोडून जो पळाला, तो स्वतःचं दुकान ओलांडून गेला. एक कोपरा खाली आला, शंकर कलंडला, पण पठ्ठ्याने दोन्ही हातांनी गाते, म्हणजे बाजेच्या कडेचे दांडे, धरून ठेवले आणि आडवाच राहिला. दोघी-तिघी बाया सगुणाबाईच्या गळ्यात पडून रडायला लागल्या होत्या, त्यांना ती फाडकन म्हणाली, "अवं रडताय काय? पोरगं भरतीला चाललंय."

कर्नलसाहेबांची मोटर काही वेळेवर आली नाही. बाज वडाखाली ठेवली. बाकीच्या उमेदवारांनी चौकशी केली, आणि मामांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. थोड्याच वेळात एक पोरगा पटका उशाला घेऊन मातीत आडवा झाला. मग दुसरा. मग रांगच्या रांग. मी बजावलं की बाबांनो, चालत आलात, आता घटकाभर पडून काय होणार? कुणी ऐकेना. काही तर घोरायला लागले.

त्याच वेळी मोटर आली. साहेब उतरले आणि जागच्या जागी थबकले.

"डॉक्टर, कॉलरा?"

"नो सर. भरतीचे उमेदवार."

"मग आडवे का पडलेत?"

"उंचीसाठी, सर."

साहेबांचा चेहरा बघून माझी पाचावर धारण बसली. बदली कुठे होणार याचाच विचार मनात आला. भरतीला आलेला लोणावळ्याचा फौजदार मात्र खूष झाला. त्याने सॅल्यूट ठोकून सांगितलं की ही लबाडी आहे, आणि नियमाप्रमाणे आधी धावण्याची परीक्षा, मग उंची. धावला असता तर शंकरच्या गाद्यांचा पार चुराडा झाला असता. सगुणाबाईला त्यांचं इंग्रजी कळलं नाही, पण फौजदाराचं तोंड कळलं. तिने बाजेचा पाय घट्ट धरला.

मी धीर करून म्हटलं, "सर, आधी उंची घेतली तर काही बिघडत नाही. धावणं कुठे पळून जातंय?" आणि साहेबांना सगळं सांगितलं. मामांसकट.

साहेब ऐकत राहिले. मग विचारलं, "टाचेखाली काही लपवलंय?"

"नाही सर."

"मणके त्याचेच?"

"त्याचेच, सर."

"मग लबाडी कुठली? मोजा."

बाज थेट मापाच्या खांबापर्यंत नेली. शंकरला उभा केला. वरची फळी साहेबांनी स्वतः खाली आणली, केस दाबले आणि डोळे बारीक करून आकडा वाचला. पाच फूट पाच इंच आणि वर एक सूत. सगुणाबाईने पदर तोंडात कोंबला.

फौजदार हटला नाही. म्हणाला, "साहेब, संध्याकाळी हा किती भरेल ते डॉक्टरांना विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "आत्तापेक्षा तीन सूत कमी, सर," मी म्हटलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मी आजही विसरलेलो नाही.

साहेबांनी क्षणभर मिशीवरून बोट फिरवलं. "सकाळी नियमात बसतो ना? मग याला दिवसपाळी द्या." आणि ते पुढच्या उमेदवाराकडे वळले.

धावण्यात शंकर पहिला आला. येणारच, सगळ्यांत जास्त विश्रांती त्याचीच झाली होती.

लग्न झालं. शंकरची नेमणूक लोणावळ्याच्या बाजारात झाली. दिवसपाळीचं बोलणं साहेबांनी थट्टेत काढलं होतं, अशी माझी समजूत. पण साहेब थट्टा करू शकतो हे फौजदाराच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्याने तो हुकूम मानला, आणि बदली झाली तेव्हा पुढच्या फौजदाराच्या कानावर घातला. त्याने त्याच्या पुढच्याच्या. पावसाळ्यात बाकीचे शिपाई रात्रभर वलवणच्या धरणावर गस्त घालत भिजायचे. शंकर दिवेलागणीला घरी जाऊन बायकोच्या हातची गरम भाकरी खायचा.

पुढे माझी बदलीही लोणावळ्याला झाली. एकदा तिथला एक हवालदार माझ्याकडे आला. दारातून वाकून आत आला, एवढा धिप्पाड. सगळ्या ठाण्यात रात्रपाळ्या त्याच्याच वाट्याला जास्त. तो म्हणाला, "डॉक्टर, संध्याकाळी माझी पण उंची कमी होते असं सर्टिफिकेट द्या."

"होतेच. सगळ्यांची होते."

"मग मला का नाही दिवसपाळी?"

"कारण तू कमी झालास तरी पुरतोस," मी म्हटलं.

तो तसाच वाकून बाहेर गेला. पुढे तीसेक वर्षं मी सरकारी नोकरी केली, पण त्या दिवशी समजलं त्याहून वेगळं काही शिकलो नाही. सरकारी खात्यात जेमतेम पुरणाऱ्याला जपतात, आणि पुरून उरणाऱ्याला राबवतात.