हव म्हणजे ऐकलं

कौसल्या गेल्याचं तिच्या मुलाने देसाईगंजहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, की शेवटी ती काही बोलली का. त्याला वाटलं असेल, या बाईंचा किती जीव होता आपल्या आईवर... खरं सांगायचं तर ती माझ्याबद्दल काही बोलली का, एवढंच मला हवं होतं. "नाई मॅडम, काईच नाई बोलली. झोपेतच गेली," तो म्हणाला. त्याच्या तीन आठवडे आधी मी तिला भेटून आले होते. एका जुन्या गोष्टीची माफी मागितली होती आणि ती "हव" म्हणाली होती, म्हणजे तिकडच्या बोलीतलं "हो". त्या एका शब्दापायी मी आज लिहायला बसले आहे. एरवी तिच्यावर लिहायला मी काही योग्य माणूस नाही, कारण आयुष्यात मी सर्वांत जास्त जळले ती कौसल्यावर.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आरमोरीजवळच्या एका गावात कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड विणणाऱ्यांची सहकारी संस्था होती, तिथे मी सोलापूरहून व्यवस्थापक म्हणून गेले. वय सव्वीस, जवळ वस्त्रोद्योगाची पदविका, नोकरी एका वर्षाच्या बोलीवर. पुरुष मागावर विणत आणि घरच्या बाया सूत काढत. ऐनाच्या झाडांवरचे रेशमाचे कोष उकडायचे, पाच-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळायचे, अशी ती रीत. वर्षानुवर्षं हे केलं की मांडीची कातडी काळी आणि जाड होते, भेगाळते. हे काम बाया मागच्या खोलीत दार लोटून करायच्या. ते थांबवून बायांनी संस्थेच्या शेडमध्ये यावं आणि पायाने चालवायच्या नव्या यंत्रांवर सूत काढावं, हे वरच्या कार्यालयाला माझ्याकडून करून हवं होतं. होळीपर्यंत यंत्रं सुरू झाली नाहीत तर ती दुसऱ्या केंद्राला जातील, आणि मीही घरी जाईन, असं मला तोंडी बजावण्यात आलं होतं.

कौसल्या संस्थेत कोसा, म्हणजे ते रेशमाचे कोष, तोलून वाटायचं काम करायची. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, सातवी पास, आवाज घोगरा. विणकरांची सगळी आळी तिला कौसल्याबाई म्हणायची. मी मात्र नुसतं कौसल्या म्हणायचे आणि ती मला मॅडम. यात काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलं नाही.

मी रीतसर सभा घेतली. आधुनिक पद्धत, दर्जा, कार्यक्षमता यावर तासभर बोलले. पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे भिंतीला टेकून. शेवटी विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना? सगळीकडून "हव, हव" आलं. आमच्या सोलापुरात होय म्हणजे होय. मी त्याच संध्याकाळी सर्व सभासदांची संमती मिळाल्याचं वर कळवून टाकलं. सोमवारी शेड उघडली. पुसून ठेवलेली यंत्रं, दारात मी, आणि आत सावलीला येऊन बसलेली कोणाची तरी शेळी. दुपारपर्यंत दुसरं कोणी फिरकलं नाही. कौसल्या तराजू खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग खुदकन हसली. "मॅडम, हव म्हनजे आयकलं. पटलं म्हनजे मानूस इचारते, मंग कवा? तसं कोनी इचारलं का तुमाले?" कोणीही विचारलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला, की मी तिला शेळी हाकलायला सांगितलं.

मग ती घरोघर जायला लागली. मी सांगितलं म्हणून नव्हे, आपली आपणच. मला वाटलं मागे राहायला नको, म्हणून मीही बरोबर जाऊ लागले. त्या काळी विणकरांच्या आळीतल्या काही घरांत तिला ओसरीवरही घेत नसत, कारण ती बौद्ध वस्तीतली. मला आत खुर्ची मिळायची, बशीतून बिस्किटं यायची. मी आत एकटी चहा पीत बसलेली आणि घरातल्या बाया बाहेर अंगणात कौसल्यापाशी जाऊन उकिडव्या बसलेल्या. त्यांचं हसणं-खिदळणं मला आत ऐकू यायचं. एवढा अपमान गिळून ती त्या अंगणात बसते, याचं मला वाईट वाटायला हवं होतं... नाही वाटलं. मला हेवा वाटला. आपल्याला खुर्ची मिळाली आणि हिला माणसं, असं वाटून मी तो चहा कसाबसा संपवायचे.

यंत्राबद्दल ती कोणाशी चकार शब्द बोलायची नाही. फक्त विचारायची, "काऊन नाई जमत बाई?" आणि गप्प बसून ऐकायची. भात शिजत असतो, लेकरू लहान आहे, सासू जाऊ देत नाही, असं सगळं ती ऐकून घ्यायची आणि तरी उठायची नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "तुमी सभेत समदं सांगतलं मॅडम. पन यंत्रावर लुगडं वर घ्या लागत नाई, हे नाई सांगतलं." शेडचं दार रस्त्यावर, समोर चहाची टपरी, तिथे दिवसभर पुरुष बसलेले. तिथे मांडी उघडी टाकून आपण बसायचं, असं त्या बायांनी गृहीत धरलं होतं! आणि हे मॅडमला कसं सांगावं म्हणून त्या "हव" म्हणून गेल्या होत्या. तासभर बोलून मी एवढं एक वाक्य बोलले नव्हते. सभेत मांडी हा शब्द उच्चारायचा असतो, हे माझ्या पदविकेत नव्हतं. कौसल्याने ते वाक्य आळीभर पोचवलं. वर शेडचं दार रस्त्यावरून काढून मागच्या बोडीकडे, म्हणजे तळ्याच्या बाजूला, करायला सांगितलं. मी परवानगीचा कागद रंगवत बसले, तोवर ती बायांच्या नवऱ्यांशी काय बोलली कोण जाणे, त्यांनी दोन दिवसांत भिंत फोडून चौकट बसवली.

राहिल्या त्या भागरताबाई. आळीतल्या सर्वांत जुन्या. कोणाच्या हातचं सूत आहे हे त्या डोळे मिटून, नुसतं बोटांत धरून सांगत. त्या नाही म्हणाल्या असत्या तर सगळी आळी नाही म्हणाली असती. मी त्यांना यंत्राचे फायदे समजावत होते आणि त्या माझ्याकडे दया आल्यासारख्या पाहत होत्या. कौसल्या त्यांना म्हणाली, "या यंत्राचं सूत पास हाय का नापास, तुमीच येऊन सांगा, आजी. मॅडमले काई समजत नाई त्याच्यातलं." माझ्यासमोर म्हणाली! भागरताबाई आल्या, सूत बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "नापास." तेव्हा मला आनंद झाला. माझी नोकरी जाणार होती, तरी कौसल्या एकदा तरी हरली याचा आनंद. तो काही टिकला नाही, कारण भागरताबाई घरी गेल्याच नाहीत. पीळ कमी पडतो म्हणाल्या, यंत्रापाशी ठाण मांडून बसल्या आणि यंत्रं बसवणाऱ्या मिस्त्रीला हे आवळ, ते सैल कर, असं दिवेलागणीपर्यंत सांगत राहिल्या. उठताना त्यांनी विचारलं, "मंग कवा येऊ?" माझ्याकडे पाहून नव्हे, कौसल्याकडे पाहून.

पुढच्या सोमवारी बोडीकडच्या दाराने बाया आल्या. मी पायरीवर हसतमुखाने उभी होते. त्या माझ्या बाजूने आत गेल्या आणि कुठल्या यंत्रावर बसायचं ते कौसल्याला विचारू लागल्या. शेड भरली, माझी नोकरी वाचली, आणि मी आत ऑफिसात जाऊन रडले. तिने भरलेल्या शेडपेक्षा मला ती शेळी परवडली असती.

मग अहवाल लिहायची वेळ आली. त्यात मी लिहिलं, की व्यवस्थापकांनी सातत्याने घरोघर संपर्क साधून सभासदांच्या शंकांचं निरसन केलं. कौसल्याचं नाव मी कच्च्या खर्ड्यात लिहिलं होतं. पक्क्या प्रतीत 'स्थानिक कर्मचाऱ्यांच्या सहकार्याने' असं केलं. विसरून नव्हे, चांगली दहा मिनिटं विचार करून. तो लिफाफा पोस्टात टाकायला तीच घेऊन गेली. निघताना तिने विचारलं, "आमच्या बायांचं लिवलं ना मॅडम बराबर?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "हव." वर्षभरात मला बढती मिळाली, नागपूरला बदली झाली. पुढे कितीतरी वर्षं मी प्रशिक्षणवर्गांत तिचं ते 'मंग कवा?' स्वतःचा शोध म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

शेवटची भेट देसाईगंजला, तिच्या मुलाच्या घरी झाली. खाटेवर इतकीशी उरली होती. मी तिला पहिल्यांदाच "कौसल्याबाई" अशी हाक मारली, तर तिने डोळे बारीक करून पाहिलं. "इतकी आजारी दिसून राह्यली का मी?" म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. अहवाल, खर्डा, ती दहा मिनिटं, टाळ्या. जळत होते म्हणून केलं, हेही सांगितलं. माफ करा म्हटलं. ती छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "हव." मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसले... ती काही विचारेल, काहीही. तिने कूस बदलली. सुनेने खुणेने सांगितलं, थकल्या.

ती गेल्यावर झालेल्या जलदान विधीला मी गेले. मांडवात आळीतल्या कितीतरी बाया होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. त्यातलीच एक मला म्हणाली, "तुमी कोन, बाई?" मी नाव सांगितलं, ते तिला आठवेना. मग एकदम चेहरा उजळला, "हां, कौसल्याबाईच्या मॅडम!" तिच्या मांडवातही मी जळले, दुसरं काय. लोक दोन-दोन शब्द बोलत होते. तिच्या मुलाने मला बोलायला उठवलं. शेडचं काम तिचं होतं, ते मी माझ्या नावावर लिहून घेतलं, एवढंच मी उभ्याउभ्या सांगितलं. मांडवातून आवाज आला, "हव, हव." मी खाली बसले. इतक्या वर्षांनी मला त्या शब्दाचा अर्थ कळत होता, म्हणून मान वर करवत नव्हती. तेवढ्यात मागून भागरताबाईंची सून उठली. सासूसारखीच उंच, सासूसारखीच करडी. माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारलं,

"मंग कवा लिवता?"