जपानच्या मॅचची टोपी

भूकंपात कपाट आडवं झालं आणि आमच्या टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या घरमालक आजोबांना त्यामागे एक जुनं इंग्रजी कात्रण सापडलं. कॉलेजात असताना ते ज्या इंग्लिश रग्बीपटूविरुद्ध टोकियोत खेळले होते, त्याच्या कारकिर्दीबद्दल ते होतं. मी भारतीय, म्हणजे इंग्रजी येणारच, म्हणून ते माझ्याकडे आले.

'इंग्लंडकडून चार कॅप्स,' असं त्यात होतं. मला फक्त क्रिकेट कळतं आणि तिथे टोपी खरीच देतात. मी सांगितलं, "त्यांना चार टोप्या मिळाल्या."

आजोबांनी विचारलं, "आमच्या मॅचची नाही मिळाली?"

"नसावी."

कॅप म्हणजे देशासाठी खेळलेली अधिकृत मॅच, हे मला नंतर कळलं. सांगायला गेलो, तर आजी लोकरीची टोपी विणत बसल्या होत्या. मी काही बोललो नाही. पार्सलवर त्या खेळाडूच्या जुन्या क्लबचा पत्ताही मीच लिहिला.

दोन महिन्यांनी खुद्द त्या गृहस्थांचं उत्तर आलं. "मॅच चार खेळलो, पण खरी टोपी एकच दिली होती. ही दुसरी. डोक्याला बरोबर बसते."

मी वाचून दाखवलं.

"रंगाबद्दल काही लिहिलंय का?" आजींनी विचारलं.