खिशातले फ्यूज

दुष्काळाचं साल; सकाळपासून लाइट नव्हती अन् कॅनमधलं दूध नासायच्या बेतात होतं. लाइट आली तशा आम्ही डेअरी चालवणाऱ्या बायका बोअर, कडबाकुट्टी, दूध गार करायचं मशीन, एकाच मीटरवरचं सगळंच लावायला धावलो. डेअरीच्या वायरमनने बोअरचा अन् कुट्टीचा फ्यूज काढून खिशात घातला.

"दे इकडं, मुडद्या! म्हैस तहानलीय," मी ओरडले.

कानावरचा टेस्टर चाचपत, नेहमीसारखा दोनदा खाकरून तो म्हणाला, "मावशे, पाव तास जरी सगळं संगंच चाललं, तर मीटर तेवढा भार धरतंय. महिनाभराचा डिमांड चार्ज त्याच्यावरच लावतेत. एवढ्यानं डेअरी बसंल. आधी दूध, मग बोअर."

मग स्वतःच्या घरची घागर आणून त्याने माझ्या म्हशीपुढं ओतली.

त्या दुष्काळात असल्याच बिलांपायी शेजारच्या दोन्ही डेअऱ्या बंद पडल्या. आमची टिकली. म्हैसही जगली.