अप्पांच्या गाडीला भोक नको

माझ्या थोरल्या भावाचं नाव मनमोहन. आम्ही त्याला भाई म्हणतो. सरकारी कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून त्याला एकच काम उरलंय, अप्पांची मोटार पुसणं. अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांनी लढाईच्या आधी घेतलेली ती विलायती गाडी आता इतकी जुनी झालीय की गिरगावातली पोरं "म्हातारी आली, म्हातारी आली" करत तिच्यामागे धावतात. भाईला ते कौतुक वाटतं.

छप्पन साली मुंबईत गोळीबार चालला होता, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यात पडत होती, तेव्हा आमच्या या वीराने घरातल्या दोन गाद्या नेऊन गाडीवर घातल्या. दगड लागू नये म्हणून. आम्ही बायका चटईवर झोपलो. एका सभेला गेला नाही, पण पुढे गप्पा अशा मारायचा की मुंबई यानेच मिळवली.

असल्या माणसाला गाडीखेरीज एकाच जिवाचा लळा होता, नात छबीचा. भाईची बायको केव्हाच गेली, लेक वासंती दादरला दिलेली. दर रविवारी ती छबीला घेऊन यायची, आणि पोरीचा पाय घरात पडेपर्यंत भाई पानावर बसत नसे. खोटं कशाला बोलू, प्रेम होतं. अक्कल नव्हती.

गाडीची मागची दारं उलटी, बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत कडी सुटली की वारा दार सताड उघडतो. एका रविवारी वळणावर तसंच झालं आणि छबी बाहेर चालली. मी फ्रॉक धरला म्हणून पोर हाती लागली. वासंती पांढरीफटक पडली. बापासमोर कधी तोंड न उघडणारी मुलगी, पण त्या दिवशी म्हणाली, "बाबा, पुन्हा असं काही झालं तर छबी तुमच्याकडे येणार नाही."

भाई हादरला. विमानात माणसाला पट्ट्याने बांधून बसवतात हे त्याने कुठे तरी वाचलं होतं. झालं! चोरबाजारात जाऊन लढाईतल्या विमानांचे जाडजूड पट्टे घेऊन आला. छबीसाठी वेताची बुटकी खुर्ची करवून घेतली. पट्ट्यांनी ती मागच्या सीटवर आवळायची आणि खुर्चीत पोरीला आवळायचं. इथवर मीसुद्धा म्हटलं, चला, देवाने बुद्धी दिली.

पट्टे बसवायला लालबागचा लवू मिस्त्री आला. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "भोकां खंय मारू?"

तळाच्या लोखंडाला बोल्ट मारायचे तर भोकं पाडणं आलंच. भाई असा उसळला, जणू कुणी त्याच्याच अंगाला गिरमिट लावलं.

"अप्पांच्या गाडीला भोक? मी जिवंत असेपर्यंत नाही. पट्टे सीटलाच बांध."

लवूने खांदे उडवले. "गाडी तुमची, पट्टे तुमचे, नात तुमची. माका काय?" आणि सांगितलं तसं करून तो गेला.

आता आमच्या घरची रीत सांगते. दसऱ्याला गाडीची पूजा असते. आदल्या दिवशी गाडी आतून साफ करणं बायकांच्या वाट्याला. मी आणि कामाची रखमा मागची सीट अंगणात आणून बडवतो. ती नुसती ठेवलेली असते, ना खिळा ना स्क्रू. दोघींनी धरली की पाटासारखी उचलली जाते. भाई उगवतो दसऱ्याच्या सकाळी, न्हाऊन, मुकटा नेसून. हार घालतो, नारळ फोडतो, पेढा खातो. सीट सुटी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी त्याला हाताला धरून नेलं आणि रखमाला घेऊन खुर्चीसकट सीट उचलून दाखवली. हा दीडशहाणा काय म्हणतो, "नलू, रिकामी आहे म्हणून उचलली गं. माणूस बसला की वजनानेच दबून राहते. तुला गाडीतलं काय कळतं?"

महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस रविवारचा. संध्याकाळी रोषणाई बघत दादरपर्यंत जायचं ठरलं. वासंती पुढे बापाशेजारी, मागे खुर्चीत आवळलेली छबी, आणि मी तिला हाताने वेढून. लालबागला लेझीमवाल्यांची गर्दी होती. त्यातून एक हातगाडी आडवी आली आणि भाईने करकचून ब्रेक मारला. सीट, खुर्ची, छबी, मी, सगळं वरात निघाल्यासारखं पुढे गेलं. पट्टे काही सुटले नाहीत. छबीची हनुवटी पुढच्या सीटच्या लाकडी पट्टीवर आपटून फाटली.

पोर किंचाळत होती. भाई खाली उतरला आणि पुढे जाऊन मडगार्डवरून हात फिरवू लागला. वाकून बघितलं, पुन्हा हात फिरवला. म्हणाला, "काही झालं नाही."

वासंतीने पट्टे सोडले, छबीला उचललं आणि पदर तिच्या हनुवटीला दाबला. पोरीचं रक्त तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. बापाला ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला छबीला भेटायचं असेल तर दादरला या. ट्रामने या." टॅक्सी करून आम्ही परळच्या इस्पितळात गेलो, टाके घातले. भाई गाडीपाशीच थांबला. गर्दीत गाडी सोडून कसा येणार?

आठवड्याभरात त्याने लवूला बोलावून गाडीला भोकं पाडली. स्वतः उभा राहून. आता त्या पट्ट्यांना हत्ती बांधा, सुटायचा नाही. मग गाडी घेऊन दादरला गेला, खाली उभा राहून हॉर्न वाजवला. वासंती गॅलरीतसुद्धा आली नाही.

"ट्रामने जा," मी म्हटलं.

"अप्पांचा मुलगा ट्रामने जाणार?"

माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. त्या रात्री तो उपाशी झोपला, आणि मीही त्याला वाढायला उठले नाही.

मागच्या रविवारी मी एकटीच ट्रामने गेले. छबीने दार उघडलं. माझ्यामागे जिन्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा गाडी पुसतायत?"

मी हो म्हटलं.