आठ दाहे ऐंशी

त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. कळंब्याच्या पेट्रोल पंपावर त्याची जुनी, ऐसपैस अँबॅसिडर माझ्या पुढं उभी होती. म्हशीच्या पाठीवर मारावी तशी तो तिच्या बॉनेटवर थाप मारत होता. मला राहवेना. माझी नवी गाडी लिटरला वीस देते, हे ऐकवून मी विचारलं, "ही किती देते?"

"आठ!" तो मोठ्यांदा म्हणाला. रांग हसली.

त्यानं शांतपणे मागचं दार उघडलं. "उतरा रं, पाय मोकळं करा!"

आतून म्हाताऱ्या, सुना, जावई, पोरं उतरतच राहिली. सगळी त्याच्या बहिणीच्या गावच्या जत्रेला, मटणाच्या जेवणाला निघालेली.

"आमी धा माणसं. आठ दाहे ऐंशी!" त्यानं मांडीवर शड्डू ठोकला. "तुमच्या गाडीत किती?"

"मी एकटाच."

आता रांग मला हसली. तो मात्र दार धरून उभा. "गाडी लावा कडंला, पावणं. जत्रंच्या जेवणाला वळख लागत न्हाय. बसा की!"

मी दाटीवाटीनं आत शिरलो. दार लागताच तो पंपभर ऐकू जाईल असा ओरडला, "अठ्ठ्याऐंशी!"