पंचफुलाबाईंचा कोठा

छप्पन साली शहरातली राजधानी मुंबईला गेली आणि रामदासपेठेतले साहेब लोक पेट्या बांधून निघाले. पंचफुलाबाई ज्या बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होत्या, तो बंगलाही विकायला निघाला. बाई मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायच्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही, आयुष्य दुसऱ्याच्या छपराखाली. त्यांनी ठरवलं, आता पुरे. उमरेडच्या वाटेवर बापाचं वावर होतं, तिथं स्वतःचं घर बांधायचं.

नकाशा त्यांनीच काढला. शाळेतल्या चारुशीलाबाईंनी तो बघितला आणि चष्मा वर सरकवला.

"पंचफुला, हे घर आहे की गुरांचा कोठा?"

"कोठाच! त्या नव्या सिमेंटच्या बंगल्यात मे महिन्यात झोपून बघ, भाकरीसारखी फुगशील. आमच्या कोठ्यात भर दुपारी गार असायचं. माणसांनी स्वतःसाठी कधी एवढी अक्कल चालवली नाही."

लांबट बांधणी, एक बाजू वावराकडे उघडी. सागाचे खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, आणि भिंत व छपराच्या मध्ये वारा खेळायला हातभर फट. शोभेची एक रेघ नाही. सुट्टीत येऊन राहायचं आणि नोकरी संपली की कायमचं.

धाकटा भाऊ चंपतराव वावर कसायचा. बहिणींना बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा नुकताच आला होता, गावोगावचे भाऊ बहिणींकडे तिरके बघायला लागले होते. चंपत मात्र हसला. "वाटा कायले मागतं बाई? अख्खं वावर तुहंच हाय. बांध कुठंबी."

एवढ्यावर थांबला नाही. संध्याकाळी बाईंच्या शेजारी बसून काडीनं धुळीत रेघा ओढायला लागला. "फरशीले उतार ठेव, बाई. पाणी टाकलं का भसकन निघून जाते. दार रुंद पायजे, खाट आडवी गेली पायजे. भिंतीले लागून इटांची लांब पेटी कर, पुस्तकं ठेवाले. अन् कड्या ठोकून घे. दोरी बांधाले कामी येतीन."

बाईंनी सगळं ऐकलं. पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, शिक्षण नाही पण हौस केवढी! त्यांनी नकाशात एकेक गोष्ट घातली आणि साठवलेलं होतं नव्हतं ते बांधकामात घातलं.

पावसाआधी कवेलू चढले. मग शाळा सुरू झाली, म्हणून पहिलं राहणं पोळ्याच्या सुट्टीवर गेलं. बाई वळकटी घेऊन बसमधून उतरल्या, बांधावरून चालत आल्या, तर घरासमोर अर्धं गाव.

आत चंपतचे चार बैल. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू. दावी भिंतीतल्या कड्यांना. तोंडं पुस्तकांच्या पेटीत, कुटार खाताहेत. आणि उतारावरून मूत बरोबर नालीत.

गावातले जुनेजाणते बाबनराव हात जोडून पुढे आले. "मास्तरीणबाई, भावाले कोठा बांधून द्यावा तर असा! चंपत सांगे ना, वाटा सोडला अन् वरून कोठा देला म्हणून. अशी बहीण साऱ्याइले भेटो."

"कोणं देला? माह्यं घर हाय हे!"

चंपत हसला. "बाई वं, घराले गव्हाण असते काय? नकाशा तर तुह्याच हातचा हाय."

सगळे हसले. बाई नाही हसल्या. उतार, दार, पेटी, कड्या. जन्मभर पोरींना आकृत्या शिकवल्या आणि ही समोरची आकृती दिसली नव्हती. घर गेलं ते एक वेळ सोसलं असतं. पण लहानपणानंतर पहिल्यांदाच भाऊ इतका जवळ बसला होता, आणि तेव्हा तो बैलांसाठी बोलत होता.

पोळ्याला पूजेला उभा केलेला बैल हाकलायचा नाही. वैऱ्याचाही नाही. चंपतनं दिवस निवडला तो उगाच नाही. त्याची बायको पूजेचं ताट घेऊन समोर उभी. घरच्या लेकीनं बैल पुजले की कोठा दिला, असंच गाव धरणार. आणि नाही पुजले, तर त्या मुक्या जिवांचा काय गुन्हा?

बाईंनी चारही बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. कपाळावरची एक आठी हलली नाही. चंपतनं सगळ्यांसमोर ताटात हिरवं लुगडं ठेवलं. "घे बाई, भावाची ओवाळणी."

बाईंनी लुगड्याची घडी मोडली आणि ते सगळ्यात जवळच्या बैलाच्या पाठीवर पसरलं. "याले झूल नव्हती. आता झाली." मग गावाकडे वळल्या. "ऐका सारे. कोठा मी देला नाही, वाटाबी सोडला नाही. यानं घेतला. पूजा केली ते बैलाइची."

कोणी हसलं नाही. बाबनराव आपल्या पायांकडे बघायला लागले.

"बाई, लोकाइसमोर काहून असं…" चंपत म्हणाला.

"लोकाइसमोरच घेतला ना तू?"

वळकटी उचलून त्या सडकेवर आल्या. बस यायला अवकाश होता. वळकटीवर बसून त्या बांधावरून कोणी येतंय का बघत राहिल्या. आपण बसचीच वाट बघतोय, असं स्वतःला सांगत.