काळीचा ओरखडा

आमच्या ख्रिस्ती मंडळीकडे मयत न्यायची एक हातगाडी होती. सागाची, चार चाकांची, दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या आणि वरून खालपर्यंत काळाभोर रंग. तिला मयताची गाडी असं कुणी म्हणत नसे. तिचं नाव 'काळी'. "काळी काढा" असं देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बाजूनं ऐकू आलं की वस्तीतलं कुणीतरी गेलं, एवढं सगळ्यांना कळायचं. कबरस्तान वस्तीपासून चांगलं दोन मैल होतं आणि नगरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा काळीवाचून आमचं चालत नसे.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका म्हाताऱ्या मास्तरांना पोचवून मंडळी परत निघाली होती. रिकामी काळी कुणीतरी घाईनं फाटकातून वळवली आणि फाटकाची लोखंडी खिट्टी तिच्या उजव्या फळीत घुसली, ती शेवटपर्यंत ओरबाडत गेली. दोन हात लांबीचा ओरखडा. रंग गेला, रंगाखालचं अस्तर गेलं आणि आतलं पिवळं लाकूड उघडं पडलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर लिंबाखाली बैठक बसली. स्वर्गाच्या वाटेबद्दल आमच्या मंडळीत एक वेळ एकमत होईल, पण एका फळीला काय लावावं यावर व्हायचं नाही. एकजण म्हणाले, काळं बूटपॉलिश चोळा, दहा पावलांवरून कळायचंही नाही. दुसऱ्याचं म्हणणं, ओरखड्यात पुट्टी भरायची, तेवढ्यावरच ब्रश फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. पाळकसाहेबांनी शेवटी माझ्या वडिलांकडे पाहिलं. बाबा कॅम्पात लष्करी मोटारी रंगवायचे. साहेबांच्या गाडीवरचा ओरखडा ते असा बुजवत की नंतर साहेबालाच जागा सापडत नसे. एरवी बैठकीत ते तोंड उघडत नसत.

"पॉलिश बुटाला लावत्यात," बाबा म्हणाले. "आन् नुसतं तेवढंच रंगवलं तर ठिगाळ दिसंल. सगळी फळी लाकडापत्तुर खरवडायची. मग अस्तर, मग पुट्टी, घासायचा कागुद, परत पुट्टी, मग रंगाचे तीन हात आन् वर वॉर्निश. येकेक हात नीट वाळू द्यायचा."

"किती दिवस लागतील?"

"म्हैना."

"महिना?" मंडळीचे चिटणीस म्हणाले. "आणि मध्येच कुणाला जर..." एवढ्यात बायकांत उभी असलेली मी त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी पुढचं गिळून टाकलं.

"तवर कुनी जात न्हाई," बाबा म्हणाले.

त्यांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की पाळकसाहेबांनी होकार देऊन बैठक उठवली.

चिटणीस मला बघून का थांबले, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई आजारी होती. पोटात गाठ होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता घरीच ठेवा, तिला जे आवडेल ते खाऊ घाला." मी तेव्हा मास्तरणीचं ट्रेनिंग घेत होते, एकोणीस वर्षांची. ट्रेनिंग अर्धं टाकून घरी आले. आणि इकडे बाबा बघावं तर पहाटे उठून देवळामागच्या छपरीत काळीजवळ, कॅम्पातून परत आले की पुन्हा तिथंच. आईच्या उशाशी पाच मिनिटं बसत नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बायको अंथरुणाला खिळली आहे आणि हा माणूस मयताची गाडी सजवतो आहे. सगळ्या वस्तीला ते विचित्र वाटत होतं, फक्त आमच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

आमचं घर छपरीला लागूनच. आईला पडल्या पडल्या सगळं ऐकू यायचं आणि वासही यायचा. पंचवीस वर्षं रंगाऱ्याचा संसार केलेली बाई ती. "आज कागुद घासत्यात," ती सांगायची. "मंजी पुट्टी वाळली." जवसाच्या तेलाचा वास आला की म्हणायची, "अस्तर लावलं गं." मला वाटायचं, हिला काय सोसायला लागतंय हे. पण ती त्या आवाजानं शांत व्हायची. एकदा मात्र ती हिशेब लावल्यासारखी छताकडे बघत म्हणाली, "तिसऱ्यांदा पुट्टी भरत्यात. येका वरखड्याला तीनदा पुट्टी कोन भरतं?"

महिना उलटला. चिटणीस दोनदा बघून गेले. फळी आरशासारखी झाली होती, पण बाबांना तिच्यात काही ना काही सापडायचंच. एकदा रंगात धुळीचा कण बसला म्हणून त्यांनी पुरता वाळलेला हात खरवडून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. छपरीच्या दाराला त्यांनी खडूनं लिहिलेली पाटी टांगली होती, 'रंग ओला आहे'.

एका पहाटे, रात्रभर कण्हल्यावर आईचा जरा डोळा लागला आणि मी तडक छपरीत गेले. भांडायलाच गेले होते. बाबा कोरडा ब्रश हातात धरून नुसते बसले होते. मी पाटी बाजूला सारली आणि रागानं फळीवर पंजा टेकवला. दगडासारखी कोरडी ठणठणीत. दोन-तीन दिवसांपूर्वीच वाळली असणार. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, आणि मला सगळं समजलं. काळी तयार नाही तोवर आपल्या घरून कुणाला जाता येणार नाही, असं या माणसानं मनाशी धरलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला सांगू, मलाही त्या क्षणी वाटलं की रंग ओलाच असावा.

आम्ही तसेच उभे होतो तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. चिटणीस आणि आणखी दोघं. आमच्या शेजारच्या मावशीचे यजमान पहाटे छातीत कळ येऊन गेले होते. ही मावशी म्हणजे रोज सकाळी आईसाठी वाटीभर पेज घेऊन येणारी बाई. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नव्हती.

"काळी काढायची," चिटणीस म्हणाले. "ऊन चढायच्या आत निघावं लागेल."

"वली हाय," बाबा म्हणाले.

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी उद्याची मास्तरीण, रविवारच्या शाळेत मुलांकडून 'खोटी साक्ष देऊ नको'सकट दहा आज्ञा पाठ करून घेणारी. "खरंच का गं बाई?"

"हो," मी म्हणाले. "रात्रीच हात दिलाय. कपडा लागला तरी रंग निघेल."

रात्रीचं आणि कपड्याचं मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

मयताची पेटी खांद्यावर न्यावी लागली. कॅम्पात आणि शेतावर कामाला गेलेले पुरुष सोडले तर हाताशी सहाजण होते, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. वाटेत पाच वेळा पेटी खाली टेकवली. मी मावशीचा दंड धरून मागून चालत होते. तिच्या पायात काही नव्हतं आणि फुफाटा चांगलाच तापला होता. नाल्याच्या चढावर पुढच्या म्हाताऱ्याचा पाय घसरला, पेटीचा एक कोपरा सुटला आणि दगडावर आदळला. मावशी पुढे धावली. "हळू," ती म्हणाली, "त्यास्नी लागंल."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी तिचा दंड पुन्हा धरला आणि चालत राहिले.

घरी आले तर आई जागी होती. "चाकं वाजली न्हाईत," ती म्हणाली. "कसं नेलं?" मी सांगितलं. काळी वाळली होती तेही सांगितलं, मी काय बोलले तेही. आईनं भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिनं त्यांना जवळ बसवून घेतलं. महिनाभरात पहिल्यांदा ते तिच्या अंथरुणाशी बसले.

"काळी देऊन टाका उद्या."

"अजून येक हात..."

"आवं," आई म्हणाली, "तुमी गाडी वली ठिवली म्हनून मी ऱ्हानार हाय का? आन् रोज पेज आणती तिच्या मानसाला तुमी दगडावर आपटवलं."

बाबांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि ते रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई त्यांच्या रंगानं फुटलेल्या बोटांवरून हात फिरवत राहिली. तिला काही रडू आलं नाही. मला त्या दोघांपाशी जावंसं वाटत होतं, पण मी चुलीपाशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी उतरवली आणि काळी मंडळीच्या ताब्यात दिली. त्यानंतर ते आईजवळून हलले नाहीत. मावशी आपलं दुःख बाजूला ठेवून तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पेजेची वाटी घेऊन यायला लागली. ती वाटी तिच्या हातातून घेताना मी तिच्या तोंडाकडे बघत नसे. आईनं दोन दिवस ती पेज घेतली, मग तेही बंद झालं. आठव्या दिवशी दुपारी ती गेली.

चिटणीसांनी काळी दाराशी आणून लावली. उन्हात ती अशी चमकत होती की तिच्या फळीत आमचं दार दिसत होतं. बाबा ओट्यावर आले आणि म्हणाले, "हिला खांद्यावर न्यायची. गाडी नगं." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला काही कळेना. मला कळत होतं. मावशीच्या यजमानांना जे मिळालं नाही ते आपल्या बायकोला द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं.

मावशी आईला लुगडं नेसवून नुकतीच बाहेर आली होती. तिनं बाबांचं बोलणं ऐकलं आणि ती माझ्याजवळ आली.

"का गं," तिनं हळूच विचारलं, "रंग वलाच हाय का अजून?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. बाबांनी तोंड फिरवलं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "वाळलाय."

"मंग तिला उन्हाची खांद्यावर कशाला हिंदकाळता?" मावशी म्हणाली आणि काळीवरची धूळ पदरानं पुसायला लागली.